मेंढरांना गेटपास

आमच्या गावाच्या उत्तरेला, निंबर्ग्याकडं जाणाऱ्या रस्त्याच्या अंगाला, मोठा माळ आहे. तिथं सोलार प्लांट येणार असं कळलं तेव्हा गावात वाद झाला तो वीज फुकट मिळणार की अर्ध्या दरात, एवढ्यावरच. मिळणारच नाही, हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं. वर्षभरात माळावर निळ्या काचांच्या रांगा उभ्या राहिल्या, भोवती जाळीचं कुंपण आलं, उंच मनोरे आले, तारा ओढल्या गेल्या. मग एके दिवशी कळलं, की वीज तयार व्हायला लागली आहे आणि ती आपल्या डोक्यावरून कुठंतरी लांब निघून जाते. बसस्टँडजवळच्या हॉटेलात चहा पिणारे लोक वर तारांकडं बघून विचारायचे, "ह्यातली थोडी आमाला कामून न्हाई?"

या प्रश्नाचं उत्तर द्यायचं काम माझ्याकडं आलं, कारण तोवर मी तिथं नोकरीला लागले होते.

माझं पद कागदावर 'समुदाय समन्वयक' असं होतं. प्रत्यक्षात मी दुभाषी होते. सातवीपर्यंत मी मराठी शाळेत शिकले, पुढं कन्नड शाळेत, मग गुलबर्ग्याला कॉलेजात इंग्रजी घेऊन बी.ए. केलं, आणि बसमध्ये, बाजारात, दवाखान्यात दख्खनी बोलतच मोठी झाले. एवढ्या भाषा येतात याचं आमच्याकडं कुणाला कौतुक नाही, सगळ्यांनाच येतात. फक्त प्लांटच्या साहेबाला येत नव्हत्या. तो तिशीच्या आतला इंजिनियर, पार वरच्या मुलखातून आलेला, स्वभावानं सरळ. त्याला वाटायचं की दख्खनी म्हणजे हिंदीच, आणि सगळ्यात जास्त घोटाळे तिथंच व्हायचे. एकदा पंपावरच्या माणसानं त्याला सांगितलं, "परसों से पंप आवाज करा साब." साहेबानं दोन दिवसांच्या सगळ्या नोंदी काढून बघितल्या, काही सापडेना. शेवटी मी समजावून सांगितलं, की आमच्याकडं 'परसों' म्हणजे कालच्या आधीचा कुठलाही दिवस. पंप दिवाळीपासून आवाज करत होता.

घरात आम्ही तिघं. नवरा, मी आणि माझी सासू. नवऱ्याचं रस्त्यावर मोटारी वाइंडिंग करायचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी तो दुरुस्त करून देतो. सासू ही माझी सख्खी आत्या. आमच्यात मामाची मुलगी करून घेतात. त्यामुळं मला रागवायचा तिचा हक्क दोन्ही बाजूंनी आहे, आणि तो ती पुरेपूर वापरते. आत्याकडं सात शेळ्या होत्या. विहारामागच्या आमच्या वस्तीत बऱ्याच घरी एखाददुसरी शेळी असते, पण आत्याच्या शेळ्यांची गोष्ट वेगळी. त्या हाकेला येत, नावाला वळत, आणि आत्या त्यांच्याशी जेवढं मऊ बोलायची तेवढं माझ्याशी कधी बोलली नाही.

गवताचा प्रश्न निघाला तो पहिल्याच उन्हाळ्यात. प्लांटच्या काचा धूळ बसली की कमी वीज देतात, म्हणून त्या धुवाव्या लागतात. धुतलेलं पाणी खाली गळतं, वर काचांची सावली असते, आणि त्यामुळं मार्च-एप्रिलमध्ये, जेव्हा आमच्याकडं कुठंही हिरवी काडी दिसत नाही, तेव्हा त्या कुंपणाच्या आत मांडीएवढं गवत उभं होतं. गावाची जनावरं जाळीला नाक लावून उभी राहायची. गवताची सावली खालच्या काचांवर पडली की तेवढी वीज कमी होते, आणि वाळलं तर आगीची भीती. म्हणून साहेबानं गवत कापायचं यंत्र मागवलं. त्याला खाली प्लॅस्टिकची दोरी गरगर फिरते. आमच्या माळावर गवत कमी आणि खडे जास्त. यंत्र खडे उडवायचं आणि काचा फुटायच्या. चार दिवसांत पाच काचा तडकल्या तेव्हा ते यंत्र खोलीत बंद करून ठेवलं आणि ठरलं, की तणनाशक फवारायचं. तसं गावाला कळवायचं काम अर्थातच माझं.

मी सुरुवात घरापासून केली. आत्या अंगणात शेळ्यांना वाळलेला पाला टाकत होती.

"गवताला विष मारायलेत?" तिनं विचारलं.

"औषध म्हणतात त्याला, आत्या."

"हिथं माझी शेरडं काड्या चघळायलेत, आन तिथं चांगल्या गवतावर औषध मारायलेत. तुमच्या सायबाला जनावर म्हायती न्हाई का?"

"तिथं जनावर चालत न्हाई. कंपनी हाय ती."

"मग कंपनी खायलीय का गवत?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बैठकीत मी साहेबाला सांगितलं, की गावातल्या अनुभवी पशुपालकांची एक सूचना आहे. अनुभवी पशुपालक म्हणजे माझी सासू, हे सांगितलं नाही. साहेबानं खिडकीतून गवताकडं बघितलं. मग म्हणाला, "लिहून बघू." आणि त्यानं मुख्य ऑफिसला पत्र लिहिलं.

उत्तर महिन्यानं आलं, सहा पानांचं. जनावरं आत सोडायला हरकत नव्हती, पण अटी होत्या. प्रत्येक जनावराला लस टोचलेली पाहिजे, कानात नंबरचा बिल्ला पाहिजे, विमा पाहिजे, गेटवर नोंद पाहिजे. राखणाऱ्यानं हेल्मेट, बूट आणि चमकणारं जाकीट घातलं पाहिजे आणि आत येण्याआधी सुरक्षेची माहिती ऐकली पाहिजे. पत्रात जनावरांचा उल्लेख 'शेळी-मेंढी वर्गातील लहान जनावरे' असा होता. पण साहेबानं स्वतः इंटरनेटवर वाचून ठरवलं, की मेंढ्या चालतील, शेळ्या नाही. शेळ्या काचांवर चढतात.

हे घरी सांगायची हिंमत मला दोन दिवस झाली नाही. तोवर गावात मेंढ्यांवरून हालचाल सुरू झालीच. मेंढरं गावात एकाच माणसाकडं होती. सत्तरी ओलांडलेला, कन्नड बोलणारा म्हातारा, सगळे त्याला अप्पा म्हणत. जनावरांचा डॉक्टर आला, मेंढरांना टोचलं, कानात पिवळे बिल्ले ठोकले. डॉक्टर एरवी दोन-दोन महिने न येणारा. तो आलाच आहे म्हणून सगळ्या गावानं आपापली जनावरं तिथं आणून उभी केली आणि त्या एका दिवसात आमच्या गावाचं लसीकरण पूर्ण झालं. आत्यानंही सातही शेळ्या टोचून घेतल्या. येताना तिनं मला एवढंच विचारलं, "मेंढरांच्या कानात पिवळी फुलं. माझ्या शेरडांला कधी?"

मग मला सांगावं लागलं.

संध्याकाळी नवरा आला तेव्हा तिनं त्याला ते सहा पानी पत्र वाचायला लावलं. माझ्याकडं त्याची प्रत होती. इंग्रजी वाचून मराठीत सांगायचं, असं तीनदा. तिसऱ्या वेळी 'शेळी-मेंढी' आलं तसं तिनं त्याला थांबवलं.

"आधी काय लिवलंय?"

"शेळी."

"मागून?"

"मेंढी."

"मंग?" एवढं म्हणून ती उठली.

इकडं अप्पाची मेंढरं आत जायचा दिवस उजाडला. गेटवरचा वॉचमन हा फार काटेकोर माणूस. त्यानं नोंदवहीत प्रत्येक मेंढराचा बिल्ला नंबर, येण्याची वेळ आणि 'येण्याचे कारण' या रकान्यात 'गवत खाणे' असं एकाखाली एक लिहिलं. तीस मेंढरं होती. अर्धा तास लागला. मग सुरक्षेची माहिती. साहेब हिंदीत सांगायचा, मी कन्नडमध्ये सांगायची, अप्पा हेल्मेट हातात धरून ऐकायचा आणि मेंढरंही त्याच्या मागं मुकाट उभी. साहेबानं सांगितलं, की आग लागली तर सगळ्यांनी पळापळ न करता त्या हिरव्या पाटीखाली एकत्र जमायचं. मी कन्नडमध्ये सांगितलं.

अप्पा म्हणाला, "मेंढरं जमतात. माणसांना सांगा."

हे मी साहेबाला जसंच्या तसं सांगितलं. त्याला पटलं.

मेंढरांनी काम चोख केलं. खाली मान घालून रांगेनं खात जायची, वर बघायची नाहीत, खडे उडवायची नाहीत, आणि जाताना माळाला लेंड्या देऊन जायची. आठवड्यात पहिल्या चार रांगा साफ झाल्या. साहेब खूश झाला. आणि नेमक्या त्याच वेळी आत्या गेटवर आली, हातात पत्राची प्रत, दोरीला एक शेळी.

साहेबाला भेटायचं म्हणाली. मी मधे पडायला गेले तर मला म्हणाली, "तू फकस्त सांगायचं काम कर. तुझं मत नगं."

तिचं म्हणणं असं, की तुमच्याच ऑफिसनं शेळी आधी लिहिली आहे, मेंढी नंतर. आणि सगळी शेरडं सारखी नसतात. ही शेळी तिनं अंगाखांद्यावर वाढवलेली, कपाळावर पांढरा ठिपका असलेली, सगळ्यात शहाणी. हिची परीक्षा घ्या. चढली तर मी आल्या वाटेनं जाईन. साहेबानं माझ्याकडं बघितलं. मी मत दिलं नाही. आत्याचा आणि माझा चेहरामोहरा एकसारखा आहे हे बहुतेक तेव्हाच त्याच्या लक्षात आलं, कारण तो हळूच म्हणाला, "घरातल्या आहेत का?" मी मान हलवली. त्यानं परवानगी दिली.

परीक्षेला मी, साहेब, वॉचमन, अप्पा आणि धुण्याच्या कामावरचे सगळे जमले. शेळीला मोकळं सोडलं. ती इतकी सभ्यपणे चरायला लागली, की मलाच लाज वाटली. दहा मिनिटं झाली. आत्या हातातला कागद घडी करून कमरेला खोचत होती. तेवढ्यात शेळीनं पुढचे दोन पाय उचलून काचेच्या खालच्या कडेवर टेकवले, जरा वास घेतला, आणि काही विशेष करतेय असं न दाखवता वर गेली. आमच्याकडं काचांच्या रांगा एकाला एक लागून, लांबच्या लांब असतात. ती सगळ्यात वरच्या कडेला जाऊन उभी राहिली आणि गुलबर्ग्याच्या दिशेनं बघायला लागली.

मग साहेबाचा फोन वाजला. कंट्रोल रूममधून होता. तिथं पडद्यावर प्रत्येक रांगेची वीज दिसते, आणि तिथल्या माणसाला दिसत होतं, की एका रांगेची वीज अचानक पडली आहे. काय झालं असं तो विचारत होता.

"बकरी," साहेब म्हणाला आणि फोन ठेवला.

ऊन वर आलं होतं, काच तापलेली. शेळी एक पाय उचलून दुसरा ठेवायची, दुसरा उचलून तिसरा ठेवायची, आणि असं करत त्या रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत निघाली. खाली आत्या तिच्या नावानं हाका मारत, बरोबरीनं चालत. तिच्या मागं साहेब. त्याच्या मागं वॉचमन, नोंदवही घेऊन. हाकेला येणारी ती शेळी त्या दिवशी कुणाचीच नव्हती. शेवटी अप्पानं आपली मेंढरं पलीकडच्या बाजूनं हाकलत आणली. आपण एकटेच मागं राहतोय असं वाटून शेळी पटकन उडी मारून खाली आली आणि मेंढरांत मिसळून चरायला लागली, जणू मघापासून तिथंच होती.

आत्यानं दोरी बांधली. जाताना साहेबाकडं बघून एवढंच म्हणाली, "आज तिचं डोकं ठिकाणावर न्हाई." हे मी भाषांतर करून सांगितलं. साहेब म्हणाला, होतं असं कधीकधी. तो चांगला माणूस होता, हे मी आधीच सांगितलंय.

त्यानंतर आठ दिवस आत्या माझ्याशी बोलली नाही. बोलायची ते नवऱ्याला मधे घालून. "तुझ्या बायकोला इचार, भाकरी जेवणार हाय का." मी समोरच बसलेली असायची. नवरा बिचारा खरोखरच माझ्याकडं वळून विचारायचा. मला वाटलं, दुभाषाचं काम आमच्या घराण्यातच आहे.

नवव्या दिवशी ती पहाटेच उठून अप्पाच्या घरी गेली. मला हे नंतर अप्पाकडून कळलं. तिनं त्याला सांगितलं, की माझ्या पाच शेळ्या घे आणि मला मेंढ्या दे. अप्पा म्हणाला, शेळी राखणाऱ्या माणसाला मेंढी राखता येत नाही, जात वेगळी आहे. आत्या म्हणाली, "जातीचं मला नगं सांगू, अप्पा." अप्पा हसला म्हणे. दिली तिला मेंढरं. दोन शेळ्या तिनं दुधाला ठेवल्या, त्यातली एक ती पांढऱ्या ठिपक्याची.

पहिले पंधरा दिवस आत्याचे फार हाल झाले. शेळीला हाक मारली की शेळी येते. मेंढीला हाक मारली की ती बाकीच्यांकडं बघते, आणि कुणीच हललं नाही तर तीही हलत नाही. एक ओढ्यात उतरली तर सगळ्या ओढ्यात. आत्या घरी येऊन भिंतीला टेकून बसायची आणि म्हणायची, "सगळ्यांला मिळून एकच डोकं, आन ते बी कुणाकडं हाय ते कळंना." अप्पानं तिला शिकवलं, की मेंढरांना मागून हाकायचं नाही, पुढच्या एकीला ओळखायचं आणि तिलाच सांभाळायचं. ती कोण हे ओळखायला तिला आणखी आठवडा लागला. मग मात्र जमलं.

आता तिचं नाव कंपनीच्या यादीत घालायचं होतं. साहेबानं काही न विचारता घातलं. बूट तिनं आयुष्यात कधी घातले नव्हते. पहिल्या दिवशी ती गेटपासून पहिल्या रांगेपर्यंत गेली ती चिखलात चालल्यासारखी, पाय उंच उचलून. हेल्मेटवरून वाद झाला. डोक्यावरचा पदर काढायला ती तयार नव्हती आणि पदरावर हेल्मेट बसेना. शेवटी तिनं हेल्मेट आधी घातलं आणि त्यावरून पदर घेतला. साहेब म्हणाला, नियमात पदराबद्दल काही लिहिलेलं नाही. तेव्हापासून ती तशीच जाते. लांबून बघितलं तर बाईचं डोकं सुजलंय असं वाटतं.

तो माळ पूर्वी एका मोठ्या घरचा होता. आत्या लहान असताना तिथं शेळी गेली तर दगड यायचे, आणि ते शेळीलाच मारलेले असायचे असं नाही. हे ती कधी रडत सांगत नाही, सहज सांगते, कुणाचा दगड किती लांब जायचा तेसुद्धा. पण गेटवर रोज नोंद झाली की ती वॉचमनला म्हणायची, "वाचून दाखव." तो तिचं नाव, तिच्या नवऱ्याचं नाव आणि वेळ मोठ्यानं वाचायचा. एकदा मी शेजारून जात होते म्हणून सहज वहीत बघितलं. वॉचमननं मेंढरांच्या नोंदीच्या ओघात आत्याच्या नावापुढंही येण्याचं कारण 'गवत खाणे' असंच लिहिलेलं होतं. पहिल्या दिवसापासून. हा रकाना तो वाचायचा नाही.

मी आत्याला सांगायला नको होतं, पण सांगितलं.

ती परत गेटवर गेली. वॉचमनला म्हणाली, "मी हिथं काय करायले?"

"मेंढरं चारायलीस, अक्का."

"आन लिवलंय काय?"

त्यानं बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. मग आत्यानं त्याला समोर बसवून मागच्या सगळ्या पानांवर आपल्या नावापुढचे तेवढे शब्द खोडून 'काम' असं लिहायला लावलं. त्याची दुपार त्यात गेली. गेटवर गाड्या थांबल्या होत्या.

या वॉचमनशी तिची पुढं चांगली दोस्ती झाली, पण त्याआधी एक भांडण व्हायचं होतं. हिवाळ्यात आत्याची एक मेंढी काचांच्या सावलीत व्याली. संध्याकाळी पाच वाजता आत्या कोकरू कडेवर घेऊन गेटवर आली. सकाळी आठ मेंढरं आत गेली होती, बाहेर नऊ निघाली. वॉचमननं फाटक लावून घेतलं.

"जे आत आलं न्हाई ते बाहेर सोडता येत न्हाई," तो म्हणाला. "माझी नोकरी जाईल."

"आलं की आत. हिच्या पोटात होतं."

"मग सकाळी सांगायचं होतंस. मी लिवलं असतं."

आत्या गेटसमोरच बसली. तिच्यामुळं मेंढरं बसली, मेंढरांमुळं पाळी संपलेले कामगार अडकले. साहेबाला बोलवावं लागलं. त्यानं आधी वॉचमनचं ऐकलं, मग आत्याचं, आणि शेवटी खिशातून सामानाच्या गेटपासचं पुस्तक काढलं. प्लांटमधून पंप, मोटार असं काही दुरुस्तीला बाहेर जातं, त्यासाठीचं ते पुस्तक. त्यात त्यानं लिहिलं: कोकरू, नग एक. खाली दोन चौकोन असतात, 'परत येणारे' आणि 'परत न येणारे'. त्यानं 'परत येणारे' यावर खूण केली आणि तारीख दुसऱ्या दिवशीची टाकली. वॉचमननं पावती फाडून घेतली आणि फाटक उघडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्यानं कोकरू त्याच्या टेबलावर नेऊन ठेवलं आणि म्हणाली, "घे. परत आणलंय. सही कर."

आत्याचं बघून वस्तीतल्या आणखी चार बायकांनी मेंढरं घेतली. उन्हाळ्यात चारा शोधत चार-चार कोस जायचं बंद झालं. माणसांचीही त्यात सोय झाली. काचांच्या सावलीत डबा उघडून बसता येतं, धुण्याच्या पाण्याचा नळ जवळ असतो. एप्रिलच्या दुपारी आमच्या भागात अशी जागा दुसरी नाही.

वीज मात्र तशीच डोक्यावरून जात होती. गावात दुपारी कमी दाबानं यायची, पंखा फिरायचा तर बल्ब पिवळा पडायचा. अशात मुख्य ऑफिसचे मोठे साहेब प्लांट बघायला आले, बरोबर कॅमेरावाला. मेंढरांचं काम त्यांच्या कानावर गेलं होतं. आत्याला काचांसमोर उभं केलं, फोटो काढले. मोठ्या साहेबानं हिंदीत विचारलं, या प्लांटनं तुम्हाला काय दिलं? मी मराठीत विचारलं.

आत्या म्हणाली, "गवत दिलं, सावली दिली, बूट दिले. करंट तेवढा दिला न्हाई. हिथून तयार होऊन जायलाय, आन माझ्या घरात दुपारी मिक्सर फिरंना. ही कुठली रीत?"

मी हिंदीत सांगितलं, की त्या म्हणतात, चारा, सावली आणि रोजगार मिळाल्याबद्दल आम्ही समाधानी आहोत.

मोठे साहेब हसून मान हलवत होते. आत्या माझ्याकडं बघत होती. मी विसरलेच होते, की ही बाई पन्नास वर्षं आठवडी बाजारात दख्खनी बोलत आली आहे.

"नै साब," ती म्हणाली. "ये बहू पूरा नै बोली. मैं बोलतूं. तुमारा करंट हमारे सर पो से जारा. हमारे घर में दोपर कू मिक्सर नै चलता. थोडा देख लेव."

मी खाली बघितलं. आमचा साहेब आभाळाकडं बघत होता. मोठ्या साहेबाला सगळं समजलं नाही, पण मिक्सर समजला. त्यांनी विचारलं, आणि आमच्या साहेबानं त्यांना सांगितलं, की गावाची लाइन जुनी आहे, ट्रान्सफॉर्मर लहान आहे, ते कंपनीच्या हातात नाही, पण कंपनीनं पत्र दिलं आणि खर्चात वाटा उचलला तर होऊ शकतं. मोठे साहेब म्हणाले, लिहून पाठवा.

लिहून मी पाठवलं, नंतर स्मरणपत्रंही मीच पाठवली, किती ते सांगत नाही. पुढच्या पावसाळ्याआधी गावात मोठा ट्रान्सफॉर्मर बसला आणि दुपारची वीज पूर्ण दाबानं यायला लागली. शाळेतले पंखे फिरले. पिठाची गिरणी दिवसा चालू झाली, बायकांचं पहाटे रांग लावणं संपलं. विहिरीवरच्या मोटारी जळायच्या थांबल्या.

हे शेवटचं आमच्या लक्षात यायला दोन महिने लागले. नवरा दुकानात बसून असायचा. पूर्वी कमी दाबामुळं गावाच्या मोटारी जळत आणि त्याच्याकडं येत. गावाचा फायदा झाला तो थेट आमच्या दुकानातून. आत्याला हे कळलं तेव्हा ती त्याच्या शेजारी येऊन बसली. मग त्याला म्हणाली, "मला काय म्हायती, तुझं पोट खराब करंटवर हाय?" तो इतका हसला, की पाणी पिताना ठसका लागला. पुढं त्यानं प्लांटचे धुण्याचे पंप दुरुस्त करायचं काम धरलं, आणि आता दुकानात सोलार पंपांचं सामानही ठेवतो. तो दिवाळीपासून आवाज करणारा पंप त्यानंच नीट केला.

गेल्या महिन्यात कोहिनूर गावाच्या बाजूला दुसऱ्या एका प्लांटवर आत्याला बोलावणं आलं. तिथल्या बायकांना मेंढरांचं कसं करायचं ते सांगायला. साहेबानं गाडी दिली. मी दुभाषी म्हणून बरोबर जायला निघाले, तर आत्या म्हणाली, "तू नगं येऊ. तिथं समदे आपल्यासारखंच बोलतात. आन तू अर्धंच सांगतीस."

ती एकटी गेली, पुढच्या सीटवर बसून, मांडीवर हेल्मेट ठेवून. संध्याकाळी परत आली. कसं झालं विचारलं तर म्हणाली, बायका हुशार आहेत, गवत पातळ आहे, चहात साखर लई टाकतात. परत बोलावलंय. मग पदर खोचून मेंढरांना पाणी दाखवायला गेली.